भिशीचे वीस हजार आणि पहिली माउंटन बाइक

१० जून २०२५ला भिशीत माझी चिठ्ठी निघाली. आम्ही दहा जणी, प्रत्येकीचे महिन्याला २,०००, म्हणजे हातात एकरकमी २०,००० रुपये आले. घरी सगळ्यांना वाटलं, आता वॉशिंग मशीन बदलणार. माझं मात्र कधीचं ठरलं होतं. नंबर लागला की सायकल घ्यायची, आणि येऊरच्या डोंगराचा चढ चढेल अशीच घ्यायची.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. सकाळी सहाला मी उपवन तलावावर चालायला जाते, तेव्हा येऊरच्या रस्त्याला वळणारे सायकलवाले रोज दिसतात. त्यांत माझ्याहून मोठ्या बायकाही असतात. मी मुरबाडकडच्या गावात वाढले. बाबांच्या काळ्या सायकलवर कैची मारत शिकले, दहावीपर्यंत शाळेत सायकलनेच गेले. मग कॉलेज, लग्न, नोकरी, मुलगी. चोवीस वर्षांत पायडलला पाय लागला नव्हता, आणि गिअरची सायकल तर आयुष्यात चालवलेली नव्हती. दुकानात जाऊन नेमकं काय विचारायचं तेच कळत नव्हतं आणि त्याचीच जास्त धास्ती होती. माझ्यासारखी आणखी कुणी त्या उंबरठ्यावर उभी असेल तर तिला उपयोग व्हावा म्हणून तारखा-आकड्यांसकट लिहिते आहे.

६ जुलैला आषाढी होती आणि रविवारही. मुलीला घेऊन घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याने पहिलाच प्रश्न विचारला, "बजेट किती, मॅडम?" मी खरं ते सांगितलं, वीस. त्याने सरळ वीस हजारांच्या सायकलपाशी नेऊन उभं केलं. पुढे शॉक, मागे शॉक, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर, लाल-काळा रंग. मुलगी तर बघतच राहिली. मलाही ती आवडली होती. दुकानाच्या दोन पायऱ्या उतरवून चालवून बघावी म्हणून उचलायला गेले, तर मागचं चाक जागचं हलेना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. "विचार करून सांगते" म्हणून निघाले.

रात्री नणंदेच्या मुलाला फोन केला. तो पुण्यात असतो, सुट्टीच्या दिवशी लांब लांब सायकल मारतो. त्याने आधी मला गप्प बसवलं आणि म्हणाला, "मामी, वीस हजारांची सायकल घ्यायला तुझ्याकडे वीस हजार नाहीयेत. सोळा आहेत. चार हजार आत्ताच्या आत्ता वेगळ्या पाकिटात घाल. हेल्मेट, कुलूप, लाइट, पंप त्यातून येणार. आणि दुकानात सोळाच सांग."

मी खरोखर दोन पाकिटं केली. पुढे जे काही नीट झालं ते त्या दोन पाकिटांमुळे. हेल्मेट-कुलूप "नंतर बघू" म्हटलं की ते मागे पडतं. आणि बिनहेल्मेटची, कुलूप नसलेली सायकल चार दिवस चालवून कोपऱ्यात उभी राहते.

त्याने दुसरं काम सांगितलं ते मापाचं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं वर घट्ट दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं माप ७१ सेंटीमीटर आलं, उंची १५७. म्हणजे फ्रेम साधारण १५ इंची, बऱ्याच कंपन्या जिला 'एस' म्हणतात ती. घोडबंदरच्या दुकानात मला १८ इंची दाखवली होती. "सीट खाली करून देतो" असं तो म्हणाला होता. सीट खाली होते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. हात ताणले जातात आणि अर्ध्या तासात मान धरते. सायकलचा दांडा मध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीला टेकून उभं राहिल्यावर दांड्याच्या वर चार बोटं तरी मोकळी जागा हवी, हे मी पुढे प्रत्येक दुकानात आधी बघायला लागले.

पुढच्या रविवारी बरोबर आणखी एक वस्तू घेतली. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होता, तो पर्समध्ये टाकला.

या वेळी नौपाड्यातल्या एका जुन्या दुकानात गेले. दुकान अरुंद, आत छताला टांगलेल्या रिमा, आणि मागच्या बाजूला मालक काका स्वतः एक चाक स्टँडला लावून त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसलेले. चाक फिरवायचं, रिम कुठे घासते ते कानाने ऐकायचं, तिथली तार किल्लीने पाव फेरा आवळायची, परत फिरवायचं. मी पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. त्यांनी बजेट विचारलंच नाही. "कुठे चालवणार, ताई?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "येऊर."

ते उठले. दोन सायकली शेजारी शेजारी उलट्या करून ठेवल्या, सीट आणि हँडलवर. दोन्ही एकवीस गिअरच्या, पुढे तीन चकत्या, मागे सात. मला एक खडू दिला. "एका दाताला खूण करा आणि मोजा. पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी." बोटाला ग्रीस लागलं, दोनदा मोजणं चुकलं, पण मोजले. पहिल्या सायकलीला पुढे २८ आणि मागेही २८. दुसरीला पुढे २४, मागे ३४.

मग ते म्हणाले, पहिलीला पायडलचा एक फेरा मारलात की चाकाचाही बरोबर एक फेरा होणार. माझ्या मापाच्या २७.५ इंची चाकाला एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास अंतर कापलं जातं. दुसरीला त्याच पायडलच्या फेऱ्यात चाक पाऊणहून थोडं कमीच फिरणार, म्हणजे दीड मीटर. "चढावर पायाला कमी ओढायचं असेल तर चाक कमी फिरायला पाहिजे. एकवीस गिअर दोघींना आहेत, पण येऊर चढवणारा गिअर दुसरीलाच आहे."

मी हिशेबाचं काम करते, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात. २८ भागिले २८, २४ भागिले ३४, ही भाषा मला लगेच समजली. इतके दिवस गिअरांची संख्या ऐकून मी गांगरत होते आणि बघायचे होते फक्त हे दोन आकडे. तुम्ही सायकल घ्यायला जाल तेव्हा दात मोजाच. दुकानदाराला विचित्र वाटलं तरी मोजा.

नंतर काटा काढला. मागे शॉक असलेली एक सायकल त्यांच्याकडेही होती, ती भरली १८.६ किलो. २४-३४वाली १४.८. काकांनी मागच्या शॉकवर हात दाबून दाखवला. या किमतीत तो नुसता स्प्रिंग असतो. चढावर पायडल मारताना पायाचा जोर चाकाला जायच्या आधी सीट खाली-वर होण्यात जातो. पुढचा शॉकही या बजेटमध्ये साधा स्प्रिंगचाच असतो. ठाण्याच्या खड्ड्यांत मनगटाला थोडा आराम देतो, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये असं ते म्हणाले. मला ते प्रामाणिक वाटलं.

बाकीचं थोडक्यात. गिअर शिमानोचा टूर्नी होता. शिमानोच्या गिअरांत तो खालच्या पायरीवरचा, त्याच्या वर आल्टस, असेरा, अलिव्हियो, डिओरे. टूर्नीचे भाग कुठल्याही दुकानात मिळतात आणि पहिल्या सायकलीला तेवढं पुरतं. डिस्क ब्रेक वायरचे घेतले. तेलाचे जास्त चांगले, पण किंमत वाढते, आणि वायरचे घरी पाना घेऊन आवळता येतात. रिम डबल वॉलची, म्हणजे दुहेरी भिंतीची, आहे ना ते विचारलं. ट्यूबचा हवा भरायचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे ना ते बघितलं, म्हणजे अडीअडचणीला कुठेही हवा भरता येते.

आणि हो, ब्रेकचा दांडा. माझी बोटं लहान आहेत, ब्रेक धरायला पंजा ताणावा लागत होता. त्या दांड्यात एक बारीक स्क्रू असतो. काकांनी तो फिरवून दांडा हँडलच्या जवळ आणला आणि एकदम हात मोकळा झाला. बायकांनी हे दुकानातच करून घ्यावं.

किंमत होती १७,५००. माझ्या पहिल्या पाकिटात १६,०००. दुसऱ्या पाकिटाला हात लावायचा नाही असं ठरलेलं. परत आले.

ऑगस्टमध्ये सेकंड हँड बघितली. जाहिरातीवरून कळव्याला एकाकडे गेले, ९,००० सांगत होता. जाण्याआधी काकांना फोन करून काय तपासायचं ते विचारून घेतलं होतं. क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा, धरून आडवी हलवायची, खुळखुळली तर आतले छर्रे गेले. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलायची, हँडलखालच्या मानेत टकटक जाणवली तर तिथलं काम निघालं. चाक फिरवून आउट बघायचं. फ्रेमच्या जोडांवर, वेल्डिंगजवळ, केसासारखी चीर आहे का ते मोबाइलच्या टॉर्चने बघायचं. सगळं चांगलं होतं. शेवटी बिल मागितलं तर "हरवलं" म्हणाला. मग सायकल आडवी करून पायडलच्या धुऱ्याखाली फ्रेम नंबर बघितला. तो नंबर कानशीने घासलेला होता. चमकणारा पत्रा तेवढा दिसत होता. मी काही न बोलता निघाले. घरी येईपर्यंत पोटात गोळा होता, कारण पैसे मोजून द्यायलाच मी निघाले होते. बिल नाही, फ्रेम नंबर नाही, तर सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

घरचे गणपती झाले. ४ सप्टेंबरला सकाळी पेपर उघडला तर आदल्या दिवशीच्या जीएसटी परिषदेची बातमी. यादीत सायकल होती, १२ टक्क्यांवरून ५ टक्के, २२ सप्टेंबरपासून लागू. मी तिथेच पेपरच्या कडेला हिशेब केला. १७,५०० मधले १२ टक्के काढले की मूळ किंमत १५,६२५. त्यावर ५ टक्के लावले की १६,४०६. अकराशे रुपये कमी! अठरा दिवस थांबायचं होतं फक्त.

त्या अठरा दिवसांत दोन-तीन दुकानांत विचारून ठेवलं. एका ठिकाणी "माल जुन्या दराने आलाय, छापील किंमत तीच" असं उत्तर मिळालं. माल कधी आला याचा त्याच्याशी संबंध नसतो, विक्रीच्या दिवशी जो दर असतो तोच बिलात लागतो. नौपाड्याच्या काकांनी मात्र माझा पेपरच्या कडेचा हिशेब बघितला, स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर परत केला आणि मान डोलावली.

२२ तारखेला घटस्थापना होती. २४ला जाऊन २,००० आगाऊ दिले. माझ्या मापाची फ्रेम गोदामातून यायला आठवडा लागणार होता. पावतीवर मॉडेल, माप, रंग आणि ठरलेली किंमत लिहून घेतली. हे चार शब्द पावतीवर नसले तर पुढे वाद घालायला काही हातात राहत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा. सायकल जोडून तयार होती. बिल हातात घेऊन मी खाली वाकून फ्रेम नंबर जुळवला, तर बिलावर एक आकडा चुकला होता, ३ च्या जागी ८. त्यांनी लगेच नवं बिल काढलं. बिलात एवढं बघा: एचएसएन (मालाचा जीएसटीतला कोड) ८७१२, जीएसटी ५ टक्के, फ्रेम नंबर, माप, तारीख. मी त्याचा फोटो काढून स्वतःलाच मेल केला. फ्रेम नंबरचाही वेगळा फोटो काढला.

दुसऱ्या पाकिटातून गेले ते असे. हेल्मेट १,२००, डोक्याचा घेर टेपने मोजून. कुलूप ६००. पुढचा-मागचा लाइट मिळून ६००. हातपंप ५००. जास्तीची ट्यूब २५०, टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ८०. मडगार्ड ३००. एकूण ३,५३०. स्टँड काकांनी बिनपैशाचा लावून दिला. जेलचं सीट कव्हर, बाटलीचा स्टँड, हातमोजे यांतलं काही घेतलं नाही, आणि अजून तरी अडलं नाही. सायकलला पहिल्या पाकिटात कमी पडलेले ४०६ या पाकिटातल्या उरलेल्या ४७० मधून भागले. सगळे मिळून १९,९३६ रुपये झाले. उरलेल्या चौसष्टांत दुकानाबाहेर झेंडूचा छोटा हार आला.

नितीन कंपनीच्या सिग्नलपर्यंत सायकल हातात धरूनच आणली, सणाची गर्दी होती. तिथून पुढे आतल्या रस्त्याने बसले. पहिले दहा-पंधरा फूट हँडल लटपटलं. मग कमरेला आपोआप आठवलं. चोवीस वर्षांनी! घरी आले तर सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन खाली उभ्या होत्या. वॉशिंग मशीनचा विषय त्यांनीच काढला होता, आणि हळद-कुंकूही त्यांनीच लावलं.

सायकल ठेवायची कुठे याचा विचार मी केलाच नव्हता, तो आधी करायला हवा होता. आमच्या सोसायटीत खाली सायकल ठेवायला कमिटीची परवानगी लागते. ५ ऑक्टोबरला सेक्रेटरींना अर्ज दिला, सोबत बिलाची प्रत आणि फ्रेम नंबर. कमिटीची मीटिंग थेट २६ला झाली. महिना ५० रुपयांत जिन्याखालची जागा मिळाली. तोवर तीन आठवडे मी रोज तीन मजले सायकल उचलून नेत होते. १४.८ आणि १८.६ यांतला फरक त्या जिन्यात कळला.

पहिला महिना फक्त उपवनच्या काठाने आणि पोखरण रोडच्या सकाळच्या मोकळ्या पट्ट्यात चालवली. सीटची उंची अशी लावली की टाच पायडलवर ठेवली तर पाय खाली सरळ होतो. गिअर बदलताना पायडल मारत राहायचं पण जोर सोडायचा, आणि चढ लागायच्या आधीच बदलायचा, हे अंगवळणी पडायला दोन आठवडे गेले. उशिरा बदलला की चेन कडाडते आणि पोटात धस्स होतं. पुढची सगळ्यात मोठी चकती आणि मागचीही सगळ्यात मोठी, असं एकत्र ठेवायचं नाही, चेन तिरकी ताणली जाते.

ऑक्टोबरच्या शेवटी डाव्या पायाखाली कटकट आवाज यायला लागला. मला वाटलं पायडल, म्हणून आवळायला गेले तर उलटं सैल होत होतं. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे तेव्हा कळलं. पण मूळ दुखणं पायडलचं नव्हतंच. पायडल ज्याला लागतं ती क्रँकच जोडताना पुरती आवळलेली नव्हती. तशीच दामटली असती तर क्रँकचं चौकोनी भोक झिजून ती निकामी झाली असती. २ नोव्हेंबरला दुकानात नेली, मंगळवारी मिळाली. नव्या वायरी ताणल्या जातात म्हणून गिअर आणि ब्रेकही परत जुळवले. पहिली सर्व्हिस असल्यामुळे मजुरी घेतली नाही. महिन्याभरात आवाज येवो न येवो, एकदा सगळं आवळून घ्याच.

२३ नोव्हेंबर, रविवार. टायरमध्ये पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआय हवा भरली, सव्वासहाला निघाले. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे नीट उजाडल्यावरच फाटक ओलांडलं. डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटांवर शिरायचं नाही, त्याला वनखात्याची परवानगी लागते. माउंटन बाइक आहे म्हणून मोकळं रान आहे असं नाही.

पहिल्याच वळणावर २४-३४ लावला. पाय भराभर फिरत होते, सायकल चालण्याच्या वेगाने सरकत होती, पण सरकत होती. तीनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा हात थरथरत होते आणि रस्त्याच्या कडेला कारवीच्या वाळक्या झुडपांत एक कोतवाल पक्षी बसलेला दिसला. एका वळणावर उतरून ढकलावंसं वाटलं. ढकललं नाही. पाड्याजवळच्या टपरीपाशी पोचले तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. चहा घेतला, सासूबाईंना फोन केला. बोलताना गळा भरून आला, त्यामुळे फार काही सांगता आलं नाही. उतरताना दोन्ही ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबत-सोडत आले. वेगाला मी अजून घाबरते, त्यामुळे सावकाशच.

डिसेंबरची भिशी आमच्याकडे होती. त्या महिन्याची चिठ्ठी शेजारच्या वहिनींची निघाली. पोहे खाऊन सगळ्या पांगल्यावर त्या मागे राहिल्या आणि चपला काढून आमच्या हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मुलीने तिचा शब्दकोश आणून दिला, मी टेप धरला. ६९ सेंटीमीटर.